वृद्धांचें मन आणि बदलत्या भिंती

म्हातारपण म्हणजे दुसरें बालपण, असें आपल्याकडे म्हणतात. परंतु पहिल्या बालपणीं मूल रडलें, तर तें कां रडतें हें शोधणारी आई जवळ असते. दुसऱ्या बालपणीं मन ढळलेला वृद्ध ओरडूं लागला, तर तो कां ओरडतो हें विचारणारें माणूस जवळ असेलच असें नाहीं. ज्याला घर उरलें नाहीं, किंवा ज्याच्या घराला त्याला सांभाळणें झेपत नाहीं, अशा वृद्धाला कोठें ठेवावें? अमेरिकेनें सव्वाशें वर्षांत या प्रश्नाचें उत्तर तीन निरनिराळ्या इमारतींत शोधलें: प्रथम गरीबखान्यांत, मग वेड्यांच्या इस्पितळांत आणि शेवटीं शुश्रूषागृहांत. हा इतिहास उद्बोधक आहे. कारण प्रत्येक स्थलांतराच्या मुळाशीं दयाबुद्धि होती, तसाच खर्चाचा हिशेबही होता.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तेथील निराधार वृद्ध, अपंग आणि भ्रमिष्ट यांची सोय गांवोगांवच्या गरीबखान्यांत होत असे. कित्येक भ्रमिष्टांना तर तुरुंगांतच डांबीत. १८४१ सालीं डोरोथिया डिक्स ही शिक्षिका मॅसॅच्युसेट्समधील एका तुरुंगांत स्त्रियांना धर्मपाठ देण्यासाठीं गेली असतां, शेगडीवांचून थंडगार कोठडींत ठेवलेल्या वेड्या स्त्रिया तिच्या दृष्टीस पडल्या. तिनें राज्यभर हिंडून असे प्रकार पाहिले, त्यांचीं टिपणें केलीं आणि १८४३ सालीं तिचें निवेदन कायदेमंडळापुढें आलें. पुढें तिच्या खटपटीनें अनेक राज्यांत मनोरुग्णांसाठीं सरकारी इस्पितळें उभीं राहिलीं.

१८९० सालीं न्यूयॉर्क राज्यानें कायदा करून निर्धन मनोरुग्णांचा भार राज्याच्या तिजोरीवर घेतला. हेतु उत्तम होता. परंतु गरीबखान्याचा खर्च स्थानिक संस्थांना सोसावा लागे आणि इस्पितळाचा खर्च राज्य सोशी. तेव्हां काल ज्याला म्हातारचळ लागला म्हणून गरीबखान्याच्या कोपऱ्यांत ठेवीत, तोच वृद्ध आज वेडा ठरून इस्पितळांत जाऊं लागला. त्याचा रोग होता तोच राहिला. खर्च देणारा तेवढा बदलला. इतर राज्यांतही हेंच घडलें. बरे होऊं शकणाऱ्या रोग्यांसाठीं बांधलेलीं इस्पितळें अशा रीतीनें मरेपर्यंत राहणाऱ्या वृद्धांनीं भरूं लागलीं. १९५५ सालीं राज्यांच्या मनोरुग्णालयांत सुमारें ५,५९,००० रोगी होते आणि त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती.

त्यानंतर प्रवाह उलटला. १९५४ पासून क्लोरप्रोमाझिन हें औषध तेथें वापरांत आलें. १९६३ सालीं, रोग्यांवर त्यांच्या गांवींच उपचार व्हावे म्हणून, स्थानिक केंद्रें उघडण्याच्या कायद्यावर अध्यक्ष केनेडी यांनीं सही केली. वृद्धांचें दैव मात्र १९६५ च्या दुसऱ्याच एका कायद्यानें ठरलें. अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळांतील मेडिकेड योजनेनें निर्धनांच्या शुश्रूषागृहांतील खर्चाचा मोठा वांटा मध्यवर्ती सरकारनें उचलला. मनोरुग्णालयांचा बहुतेक भार राज्यांवरच राहिला. पुन्हा हिशेब झाला आणि हजारों वृद्ध इस्पितळांतून शुश्रूषागृहांत गेले. नव्यानें आजारी पडलेले वृद्ध तर परस्पर तेथेंच दाखल होऊं लागले.

शुश्रूषागृहांची घडण मुळांत शरीराच्या सेवेसाठीं झालेली. अंग पुसणें, भरविणें, जखम बांधणें हें तेथील सेविकांना येई. मनाच्या आजाराचें शिक्षण त्यांना क्वचितच मिळालेलें असे. त्यामुळें दोन प्रकारच्या चुका होत. जो वृद्ध खिन्नतेनें ग्रासून दिवसभर भिंतीकडे पाहत बसे, तो कोणाला त्रास देत नाहीं म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नसे. जो ओरडे किंवा रात्रीं भटके, त्याला खुर्चीला पट्ट्यानें बांधीत किंवा गुंगीचें औषध देत. मूत्रमार्गांतील विकार, दुखरा दांत, किंवा एखाद्या औषधाचाच दुष्परिणाम यांनींही वृद्धाचें भान सुटतें, हें तपासण्यास सवड कोणास होती?

या स्थितीविरुद्ध ओरड झाली. १९८६ सालीं तज्ज्ञांच्या समितीनें अहवाल दिला आणि २२ डिसेंबर १९८७ रोजीं अध्यक्ष रेगन यांच्या सहीनें नवा कायदा झाला. गंभीर मनोविकार असलेल्या माणसास शुश्रूषागृहांत घेण्यापूर्वीं त्याची तपासणी करावी, आणि शिक्षा म्हणून किंवा सेवकांच्या सोयीसाठीं कोणासही पट्ट्यांनीं वा औषधांनीं जखडूं नये, असा दंडक त्यानें घातला. पट्टे पुष्कळ कमी झाले. औषधें मात्र, नव्या जातीचीं निघतांच, पुन्हा वाढलीं. २००५ सालीं तेथील औषध-नियामक खात्यानें इशारा दिला, कीं स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांवरील १७ चाचण्या एकत्र पाहतां, सुमारें दहा आठवड्यांच्या काळांत हीं औषधें घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ४.५, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा २.६ मरण पावले. तरीही २०११ च्या अखेरीस दीर्घकाळ राहणाऱ्या शेंकडा २३.९ वृद्धांना तीं दिलीं जात होतीं. २०१२ सालीं सरकारनें मोहीम काढली आणि हा आंकडा खालीं आला. परंतु छिन्नमनस्कतेचे रोगी या मोजणींतून वगळलेले होते. तेव्हां कांहीं गृहांनीं वृद्धांच्या कागदांवर त्याच रोगाचें नांव घातलें. वास्तविक हा रोग उतारवयांत क्वचितच प्रथम उद्भवतो. अखेर २०२३ सालीं सरकारला त्या नोंदींचीच तपासणी हातीं घ्यावी लागली.

१८९० सालीं रोगाचें नांव बदललें, तेव्हां इमारत बदलली. सव्वाशें वर्षांनंतर नांव बदललें, तेव्हां आंकडा बदलला. दोन्ही वेळां वृद्ध जसा होता तसाच राहिला. चांगले कायदे हवेत, नीट बांधलेलीं घरेंही हवींत, परंतु या इतिहासावरून एवढें स्पष्ट होतें, कीं ओरडणाऱ्या वृद्धाजवळ खुर्ची ओढून बसणारें आणि “काय दुखतें?” असें विचारणारें माणूस जोंवर नेमलेलें नाहीं, तोंवर घराच्या दारावर कोणतीही पाटी लावली, तरी आंतली कोठडी तीच राहते.