रिमफायर रिव्हॉल्व्हर आणि सायलेन्सर

रिमफायर काडतूस जन्माने पॅरिसचे. १८४५ च्या सुमारास लुई-निकोला फ्लोबेर या बंदूक-कारागिराने ठिणगीचा मसाला काडतुसाच्या तळातच बसवला. घोडा काठावर आपटला की गोळी सुटे. झाडलेल्या पुंगळीवर घोड्याची खूण मधोमध नसते, कडेला असते. १८५७ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसनने .२२ रिमफायर काडतुसाचे, सात बारांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. १८८७ मध्ये आलेले .२२ लाँग रायफल काडतूस नेमबाजीत आजही टिकून आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतचा २५ मीटर पिस्तूल प्रकार आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसळेला कांस्यपदक मिळवून देणारा ५० मीटर रायफल प्रकार, दोन्ही याच काडतुसावर चालतात.

सायलेन्सर नंतरचा. मशीनगनचे जनक हिराम स्टीव्हन्स मॅक्झिम यांचा मुलगा हिराम पर्सी मॅक्झिम याला १९०९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. बार होताच नळीच्या तोंडातून गरम वायू एकदम फुटून बाहेर पडतो, तोच मोठा आवाज. हा वायू नळकांड्यात अडवायचा, पसरू द्यायचा आणि थंडावल्यावर सोडायचा, एवढेच त्यातले तत्त्व. मॅक्झिमच्या कंपनीने पुढे बंदुका सोडून इंजिनांचे सायलेन्सर बनवले. सोलापूरच्या रस्त्यावरच्या बुलेट मोटारसायकलचा सायलेन्सरही याच तत्त्वावर चालतो.

रिव्हॉल्व्हरशी मात्र त्याचे जुळले नाही. काडतुसांचे चक्र फिरायचे तर चक्र आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट ठेवावीच लागते. गोळी ती फट ओलांडून नळीत शिरते, तेव्हा वायूचा एक भाग फटीतूनच बाजूला निसटतो. सायलेन्सर नळीच्या टोकाला असल्यामुळे या वायूचा आवाज त्याच्या हाती लागतच नाही. .२२ मध्ये दारू थोडी, म्हणून गळतीही थोडी, पण ती थांबत नाही. चित्रपटांत सायलेन्सर लावलेले रिव्हॉल्व्हर जवळजवळ निःशब्द चालते. तसे प्रत्यक्षात होत नाही.

याला ठळक अपवाद रशियन सैन्याच्या १८९५ च्या नागान रिव्हॉल्व्हरचा. त्यात घोडा चढताच चक्र पुढे सरकते, लांब पुंगळीचे तोंड नळीत जाते आणि फट बुजते. मितिन बंधूंनी बनवलेला ‘ब्रामित’ सायलेन्सर सोव्हिएत टेहळ्यांनी दुसऱ्या महायुद्धात यावर वापरला. पण नागान रिमफायर नव्हे. त्याचे काडतूस खास याच रचनेसाठी घडवलेले होते.

.२२ ला खरी साथ मिळाली ती पिस्तुलाची. पिस्तुलात काडतूस नळीतच बसते, फट नसते, शिवाय .२२ ची गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा, हळू ठेवता येते. त्यामुळे हवा फाटल्याचा कडाकाही टळतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हेरखात्याने म्हणूनच हाय स्टँडर्ड कंपनीचे .२२ पिस्तूल निवडले. १९६० मध्ये सोव्हिएत संघात पाडलेल्या यू-२ या अमेरिकी हेरविमानाचा वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स याच्याजवळही तेच सापडले.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये अग्निशस्त्राच्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाला कमी करणारे साधन धरलेले आहे, आणि नियमांत त्याची गणना पहिल्या, प्रतिबंधित वर्गात होते. सोलापूर शहरात रिव्हॉल्व्हरचा परवाना पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे मागता येतो; त्या परवान्यात सायलेन्सर येत नाही.