मातेची नजर आणि शास्त्राचा शोध

ज्या दुखण्यास वैद्यशास्त्रांत नांवच नाहीं, तें मुलास जडलें असतां आईबापांनीं काय करावें? आप्तेष्ट दैवाकडे बोट दाखवितात, वैद्य मान हलवितात, आणि शेवटीं दोष बहुधा आईच्या पदरांत पडतो. अशा कुटुंबांचा इतिहास पाहूं गेल्यास आम्हांस असें आढळतें कीं, त्यांच्या मायेनेंच कित्येकदां शास्त्रास पहिली वाट दाखविली आहे.

नॉर्वेमधील एगेलंड दाम्पत्याचीं दोन मुलें जन्मतः निकोप दिसत. पुढें मात्र त्यांची बुद्धि खुंटली. मुलांच्या अंगास एक विचित्र वास येतो, हें आईनें ओळखलें होतें. तिनें अनेक डॉक्टरांचे उंबरठे झिजविले; पण त्या वासाचा अर्थ कोणी सांगेना. १९३४ सालीं ओस्लो येथील डॉ. आस्ब्यर्न फोलिंग ह्यांनीं तिचें म्हणणें ऐकून घेतलें. मुलांच्या मूत्रांत त्यांनीं फेरिक क्लोराइड घातलें, तों त्यास हिरवा रंग चढला. मनोदुर्बलांच्या संस्थांतील ४३० जणांची तपासणी करतां आणखी ८ जणांत तेंच लक्षण आढळलें. ह्या रोगास आज फेनिलकीटोन्यूरिया म्हणतात. प्रथिनांतील फेनिलॲलनीन नांवाच्या घटकाचें रूपांतर ह्या मुलांच्या यकृतांत नीट होत नाहीं, आणि तो सांचून वाढत्या मेंदूस इजा होते. आईबाप दोघांकडूनही सदोष बीज आलें तरच हा रोग होतो; म्हणून एकट्या आईस दोष देणें अज्ञानाचें आहे. एगेलंडबाईंस उत्तर मिळालें. उपाय मात्र मिळाला नाहीं.

तो बर्मिंगहॅम येथील दुसऱ्या एका आईच्या चिकाटीनें निघाला. १९५१ सालीं तिच्या १७ महिन्यांच्या मुलीस उभें राहतांही येत नव्हतें. उपाय नाहीं, हें उत्तर तिनें मानलें नाहीं. रोज सकाळीं ती प्रयोगशाळेच्या दाराशीं उभी राही. अखेर हॉर्स्ट बिकेल, जॉन जेरार्ड व एव्हेलिन हिकमन्स ह्यांनीं कोळशाच्या योगानें तो घटक काढलेलें अन्न सिद्ध केलें. कांहीं महिन्यांत मूल रांगूं लागलें. सुधारणा अन्नामुळेंच झाली काय, हें पाहण्यासाठीं त्यांनीं आईस न कळवितां तो घटक पुन्हा मिसळला. मूल ढासळलें, आणि तें आईच्या ध्यानांत येण्यास वेळ लागला नाहीं. आईस अंधारांत ठेवण्याचा हा मार्ग आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. तथापि तिच्या नजरेची साक्ष त्यानेंच पटली. उपचारास उशीर झाल्यानें त्या मुलीची बुद्धि मात्र पूर्णपणें भरून आली नाहीं.

उशीर टाळण्याची युक्ति अमेरिकेंतील डॉ. रॉबर्ट गथ्री ह्यांनीं काढली. त्यांचा स्वतःचा मुलगा मनोदुर्बल होता, व मेहुणीच्या मुलीस हाच रोग होता. नवजात बालकाच्या टांचेंतील रक्ताच्या थेंबांवरून रोग ओळखण्याची त्यांची रीत १९६३ सालीं प्रसिद्ध झाली. आज अनेक देशांत ही तपासणी जन्मानंतर लवकरच होते, आणि वेळींच पथ्य सुरू केल्यास मूल चारचौघांसारखें वाढतें.

पथ्य मात्र जन्मभराचें. प्रत्येक घास मोजण्याचें काम कोणताही डॉक्टर करीत नाहीं. तें घरच्यांसच करावें लागतें. अशा आईबापांचें सांगणें वेडी माया म्हणून उडवून न देतां ऐकून घेणें, हें डॉक्टरांचें आणि आप्तांचेंही पहिलें कर्तव्य होय. ज्या दोन आयांमुळें हजारों मुलें वांचलीं, त्यांच्या स्वतःच्या मुलांस त्याचें पूर्ण फळ लाभलें नाहीं, हें आपण विसरूं नये.