प्लॅस्टिक ओळखपत्र आणि लॅमिनेशन प्रेस : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

ओळखपत्रांचा इतिहास लिहिताना त्यांवरील मजकुराचा आणि त्यामागील शासकीय धोरणाचा विचार होतो. ती घडविणाऱ्या यंत्राकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील औरंगपुरा हा महाविद्यालय, जिल्हा परिषद आणि पुस्तकांच्या दुकानांचा परिसर होय. अशा परिसरातील झेरॉक्सच्या दुकानात होणारे लॅमिनेशन प्राध्यापकवर्गास नवे नाही. कागद दोन पारदर्शक पापुद्र्यांत ठेवून तापलेल्या रोलरमधून काढला की आतील चिकट थर वितळतो व कडा बंद होतात. कागद मात्र कागदच राहतो.

कारखान्यातील प्रेसचे तत्त्व वेगळे आहे. पीव्हीसीच्या छापील तक्त्यांवर दोन्ही बाजूंनी पारदर्शक तक्ते ठेवून ती चळत आरशासारख्या गुळगुळीत पोलादी पत्र्यांमध्ये रचली जाते. साधारणतः १३० ते १५० अंश सेल्सिअस तापमानावर ती दाबली जाते आणि दाब कायम ठेवूनच थंड केली जाते. येथे घाई केल्यास तक्ता वाकतो. थर चिकटत नाहीत, एकजीव होतात. म्हणूनच ते सोलून आतील छायाचित्र बदलणे अवघड ठरते. त्यानंतर ८५.६० × ५३.९८ मिमी मापाची, ०.७६ मिमी जाडीची कार्डे कापली जातात.

१९५० चे डायनर्स क्लबचे कार्ड पुठ्ठ्याचे होते. अमेरिकन एक्स्प्रेसने १९५९ मध्ये प्लॅस्टिक स्वीकारले. पुढे आयबीएमचे अभियंता फॉरेस्ट पॅरी यांना चुंबकीय पट्टी कार्डावर नीट बसविता येईना, तेव्हा पत्नीने कपड्यांच्या इस्त्रीने ती बसविण्याचे सुचविले, असे सांगितले जाते. उष्णता आणि दाब, एवढेच त्या इस्त्रीचे आणि प्रेसचे साम्य! भारतात सेंट्रल बँकेने १९८० मध्ये क्रेडिट कार्ड आणले. १९९३ मध्ये निवडणूक आयोगाने मतदार छायाचित्र ओळखपत्राचा आदेश काढला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची घटना २९ सप्टेंबर २०१० ची. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देशातील पहिले आधार क्रमांक प्रदान करण्यात आले. नागरिकांच्या हाती आधार पोहोचले ते छापील कागदी पत्राच्या रूपात. पाकिटात ठेवलेला कागद घडीवर फाटतो, पावसात भिजतो. साहजिकच लोकांनी दुकानातून पत्र लॅमिनेट करून घेतले, पुढे पीव्हीसी कार्डावरही छापून घेतले. प्राधिकरणाने स्वतःचे पीव्हीसी कार्ड ऑक्टोबर २०२० मध्ये, ५० रुपये शुल्क आकारून, उपलब्ध केले. त्यात होलोग्राम, सूक्ष्म मजकूर व गिलोश नक्षी होती. बाजारातील प्रतींत अशी सुरक्षा-वैशिष्ट्ये नसल्याने त्या वापरू नयेत, असे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले. वस्तुतः कागदी पत्रही तितकेच ग्राह्य होते. तरीही रेशन दुकानापासून बँकेपर्यंत ओळख वारंवार सिद्ध करावी लागणाऱ्या माणसाने कडक कार्डासाठी पदरचे पैसे मोजले, यास केवळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. त्याच्या हातातील कागद रोजच्या वापरात टिकत नव्हता.