पत्र्याचा वाक कुणाच्या माथी?

लेसरवर कापलेली पट्टी वाकडी निघाली की भोसरीतला कुठलाही जॉबवर्कवाला डोळे मिटून सांगतो, "पत्र्याला हीट लागली." हा पूर्वपक्ष अगदीच लेचापेचा नाही. साधं पोलाद मीटरमागे दर अंशाला सुमारे 12 मायक्रॉन वाढतं. 100 अंश तापलं तर 1.2 मिलिमीटर. तापलेल्या कडेला शेजारचा थंड पत्रा पसरू देत नाही, ती दबते, निवताना आखडते आणि पट्टीला आपल्याकडे ओढते.

पण गेल्या वर्षी आमच्या 2 मिलिमीटर एचआर (हॉट रोल्ड) पत्र्यातल्या सव्वा मीटरच्या पट्ट्या परत आल्या. सरळपट्टी लावली की मधोमध 4 मिलिमीटर फट. उरलेल्या पत्र्यातून, त्याच दिशेने, तशीच पट्टी मी वॉटरजेटवर कापून घेतली. पाण्याची कसली आलीय हीट? तीही त्याच बाजूला वळली, जवळजवळ तितकीच.

ताण आधीपासूनच पत्र्यात होता. रोलिंगमध्ये, कॉइल गुंडाळताना, लेव्हलरमधून काढताना तो आत कोंडला जातो. रस्सीखेचीत दोन्ही संघ तोडीस तोड असले की दोर जागचा हलत नाही. सपाट दिसणारा पत्रा तसाच. तुम्ही त्यातून पट्टी काढता तेव्हा एका बाजूचे गडी मैदान सोडतात.

शंका असेल तर कापायचा क्रम उलटा करा. वाकाने बाजू बदलली तर दोष हीटचा. तो तिथेच राहिला तर पत्र्याचा. हे न करता "पॉवर कमी कर" म्हणणं तर उफराटंच. पॉवर उतरली की वेगही उतरतो, आणि रेंगाळणारा किरण शेजारच्या धातूत हीट झिरपायला जास्त सवड देतो.

304 स्टेनलेसची गोष्ट वेगळी. ते प्रसरतं जास्त आणि हीट पुढे नेतं साध्या पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश. दाटीवाटीची भोकं असतील तर तिथे मी लेसरची वकिली करणार नाही. जाड पत्रा ऑक्सिजनवर कापताना लोखंड स्वतःच जळून भर घालतं. ईएन-8 पोलादातल्या लेसरच्या भोकात टॅप तुटतो, कारण कड कडक झालेली असते. तो गुन्हाही हीटचाच.

आमच्या त्या पट्ट्या ग्राहकाने घेतल्या नाहीतच. पुढच्या ऑर्डरवर मात्र त्याने कॉइल नंबर लिहून मागितला.