फोल्डर नेमका कुणाचा?

सॉफ्टवेअर इन्स्टॉल होता होता मध्येच अडकतं आणि पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ उमटतं. लिनक्स आणि मॅकवर या नकाराचा क्रमांक १३, विंडोजवर ५. संगणक आपला, पैसे आपण मोजलेले, वापरणारेही आपणच. तरी एका फोल्डरात लिहायला मज्जाव. या नकाराचं कूळ शोधायला, एकेका संगणकावर कितीतरी माणसं एकाच वेळी काम करायची त्या काळात जावं लागतं.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेत एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. संगणक एकच, पण समोर बसलेल्या प्रत्येकाला तो आपल्या एकट्याचाच वाटावा, अशी तिची रचना होती. साहजिकच प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या ठेवणं आलं आणि त्यासाठी पासवर्ड आला. पण फाइली वेगळ्या राहिल्या तरी व्यवस्थापकांचा फोल्डर सामायिकच होता. १९६६ मध्ये तिथेच घात झाला. फाइलीत दुरुस्त्या करण्याचा प्रोग्रॅम आपली तात्पुरती फाइल नेहमी एकाच ठरावीक नावाने बनवत असे, कारण एका फोल्डरात एका वेळी एकच माणूस काम करणार असं लिहिणाऱ्याने धरून चाललं होतं. एक व्यवस्थापक सर्वांसाठीचा दैनंदिन संदेश बदलत होता आणि त्याच वेळी दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता. दोन्ही तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कुणी लॉगिन करी, त्याच्यापुढे संदेशाच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड येऊ लागले. कोर्बातो यांनी हा प्रसंग पुढे आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात सांगितला. परवानग्यांकडे कटकट म्हणून पाहणाऱ्या प्रत्येकाने तो ऐकावा असं मला मनापासून वाटतं.

सीटीएसएसनंतरच्या मल्टिक्स प्रणालीत कुणाला काय करता येईल याची नावनिशीवार यादी ठेवता येई. बेल लॅब्स त्या प्रकल्पातून १९६९ मध्ये बाहेर पडली. तिथल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी लहान यंत्रासाठी युनिक्स ही प्रणाली रचली आणि तो सगळा पसारा काही बिटांवर आणला. १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलमध्ये मालकाला वाचता-लिहिता येणं, इतरांना वाचता-लिहिता येणं आणि फाइल चालवता येणं एवढीच वाटणी दिसते. जोडीला एक खास बिट. दोघांच्या १९७४ च्या प्रसिद्ध लेखात बिट सात झाले होते. १९७८ च्या सुधारित लेखात मालक आणि इतर यांच्यामध्ये ‘गट’ येऊन बसला आणि बिट दहा झाले. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १ अशी मालक, गट आणि इतर यांची वेगवेगळी बेरीज करून आज आपण ७५५ लिहितो, ते याच मांडणीतून आलेलं आहे.

खास बिटाची करामत अशी, की प्रोग्रॅम कुणीही चालवला तरी तेवढ्यापुरते त्याला प्रोग्रॅमच्या मालकाचे अधिकार मिळतात. त्या काळी नवा फोल्डर बनवण्याचा हक्कही फक्त ‘सुपरयूजर’कडे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याकडे होता, साध्या माणसाला तो बनवून द्यायचा तो याच बिटाच्या आधाराने चालणाऱ्या प्रोग्रॅमने. रिची यांना या कल्पनेचं पेटंट १९७९ मध्ये मिळालं आणि पुढे ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं.

इन्स्टॉल करताना अडणारे बहुतेक लोक एका गोष्टीपाशी चुकतात. युनिक्सच्या लेखी फोल्डर म्हणजे नावांची नोंदवही. वहीत लिहिण्याची परवानगी म्हणजे नाव घालण्याची किंवा खोडण्याची परवानगी. म्हणून एखादी फाइल आपल्याला उघडून वाचतासुद्धा येत नसली, तरी ती ज्या फोल्डरात आहे तो आपला असेल तर ती पुसता येते. आणि फोल्डरावरच्या ‘चालवणे’ या बिटाचा अर्थ त्यातून पुढे जाऊ देणं. अडथळा वाटेतल्या वरच्या एखाद्या फोल्डरात असला, तर आतल्या फाइलीच्या परवानग्या कितीही बदला, फरक पडत नाही.

घरगुती संगणकाने मधल्या काळात हे सगळं बाजूला ठेवलं होतं. डॉस आणि विंडोज ९५ मध्ये फाइलीला मालकच नव्हता. प्रोग्रॅम आपल्या सेटिंग्ज बिनदिक्कत आपल्याच फोल्डरात लिहीत. विंडोज एनटीने १९९३ मध्ये परवानग्यांची यादी आणली, २००१ च्या एक्सपीने ती घराघरात नेली, पण तिथला पहिला वापरकर्ताच ॲडमिनिस्ट्रेटर असल्याने कुणाला तिची जाणीव झाली नाही. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा दर वेळी परवानगी विचारू लागली आणि लोक चिडले. जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून तिने एक युक्तीही केली: त्यांनी ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला घेतलेलं ती गुपचूप वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरात वळवत असे.

नकार आला की उपाय म्हणून सर्रास सांगितलं जातं ते ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं. हा सल्ला देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. फोल्डर कुणाचा, हा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि त्या यंत्रावरच्या कुठल्याही प्रोग्रॅमला तिथे हवं ते ठेवता येतं. दुसरा सल्ला ‘सुडो’चा, म्हणजे तेवढ्यापुरते सुपरयूजरचे अधिकार घेण्याचा. ही आज्ञा १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्याच्या बफेलो इथल्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिली. ती चांगली, पण एनपीएमसारख्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला सुडोने चालवलं की आपल्याच घरच्या फोल्डरात ‘रूट’च्या, म्हणजे सुपरयूजरच्या मालकीच्या फाइली राहू शकतात आणि पुढच्या वेळी साध्या कामालाही नकार येतो. तिथे मालकी परत आपल्या नावावर करावी लागते.

सॉफ्टवेअर एका माणसासाठी असेल, तर ते त्याच्याच फोल्डरात ठेवणं हा सरळ मार्ग. पायथॉनची ‘व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट’ तेच करते. २००८ मध्ये आलेला क्रोम ब्राउझरही वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसत असे, त्यामुळे ॲडमिनिस्ट्रेटरच्या पासवर्डवाचून तो कुणालाही घालता येई. मात्र संपूर्ण ऑफिसची यंत्रं सांभाळणाऱ्यांना एकाच ठिकाणाहून सर्वांसाठी बसवता येणारा क्रोम हवा होता. २०१० मध्ये गूगलने त्यांच्यासाठी वेगळा इन्स्टॉलर काढला. तो क्रोम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवतो आणि त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागतो.