मडलार्किंग

मडलार्किंग म्हणजे भरती-ओहोटीच्या नदीत किंवा खाडीत, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलात आणि वाळू-गोट्यांत जुन्या वस्तूंचा शोध घेणे. ही संज्ञा प्रामुख्याने इंग्लंडमधील लंडन शहरातून वाहणाऱ्या थेम्स नदीशी निगडित आहे. शोध घेणाऱ्यास 'मडलार्क' म्हणतात; शब्दशः अर्थ चिखलातला चंडोल. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात हे नाव अत्यंत दरिद्री लोकांना उद्देशून वापरले जाई. आज ते हौशी इतिहासप्रेमी स्वतः अभिमानाने लावतात.

नदी आणि चिखल

थेम्स टेडिंग्टनपर्यंत भरती-ओहोटीच्या प्रभावाखाली असते. मध्य लंडनमध्ये भरती आणि ओहोटीच्या पातळ्यांत सुमारे ७ मीटरपर्यंत फरक पडतो आणि दिवसातून दोनदा पात्राचा मोठा पट्टा उघडा होतो. रोमन काळापासून सुमारे दोन हजार वर्षे हे शहर बंदर म्हणून वापरात असल्याने धक्क्यांवरून पडलेले, होड्यांतून निसटलेले आणि कचरा म्हणून टाकलेले सर्व काही या पात्रात साचत गेले.

गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो, त्यामुळे एरवी कुजून जाणारे चामडे, लाकूड व हाडेही त्यात टिकून राहतात. मध्ययुगीन चामडी जोडे, हाडाचे कंगवे आणि लोखंडी अवजारे येथे चांगल्या स्थितीत मिळतात. मात्र गाळाबाहेर आल्यावर हाच टिकाऊपणा संपतो. ओले चामडे किंवा लाकूड योग्य प्रक्रियेविना वाळले की आकसते व तडकते; म्हणून अशी वस्तू ओलीच ठेवून तज्ज्ञाकडे नेणे आवश्यक असते.

पोटासाठी वेचणारे

मूळ मडलार्क इतिहासाच्या शोधात नव्हते. पत्रकार हेन्री मेह्यू याने लंडनच्या श्रमिकांविषयीच्या आपल्या ग्रंथात (१८५१) त्यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. त्यांत लहान मुलेमुली होती, तशाच वृद्ध स्त्रियाही होत्या. गुडघाभर चिखलात अनवाणी उतरून ते होड्यांतून सांडलेला कोळसा, दोराचे तुकडे, हाडे, लोखंड आणि जहाजदुरुस्तीच्या जागी पडलेले तांब्याचे खिळे वेचीत. तांब्याला सर्वांत चांगला भाव मिळे, पण ते क्वचितच हाती लागे. कोळसा आसपासच्या गरिबांनाच विकला जाई. चिखलात दडलेल्या काचा व खिळ्यांमुळे पायांना जखमा होणे नित्याचे होते. या उपजीविकेत आजच्या छंदातील रम्यतेचा लवलेशही नव्हता, ही बाब या विषयावरील लोकप्रिय लेखनात अनेकदा झाकली जाते.

बिली आणि चार्ली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुराणवस्तूंना श्रीमंत ग्राहक मिळू लागले, तेव्हा नदीकाठच्या लोकांना जुन्या वस्तूंची किंमत कळली. विल्यम स्मिथ आणि चार्ल्स ईटन या दोघा मडलार्कांनी १८५७ च्या सुमारास यातून वेगळाच मार्ग काढला. प्लास्टरच्या साच्यांत शिसेमिश्रित धातू ओतून ते 'मध्ययुगीन' बिल्ले व मूर्ती बनवीत, त्यांवर आम्लाची प्रक्रिया करीत आणि शॅडवेल येथे सुरू असलेल्या गोदीच्या खोदकामात त्या सापडल्याचे सांगून विकत. दोघेही निरक्षर होते. त्यामुळे त्यांच्या वस्तूंवरील अक्षरांना कोणताही अर्थ नव्हता, आणि काहींवर तर अकराव्या शतकातील वर्षे अशा अंकांत कोरलेली होती, जे इंग्लंडमध्ये तेव्हा प्रचारातच नव्हते.

१८५८ मध्ये हेन्री सायर क्युमिंग याने एका व्याख्यानात या वस्तू बनावट ठरवल्या. 'अथेनियम' या नियतकालिकाने त्याचा वृत्तांत छापल्यावर जॉर्ज ईस्टवुड या व्यापाऱ्याने बदनामीचा दावा केला. नामवंत पुरातत्त्वज्ञ चार्ल्स रोच स्मिथ याने वस्तू खऱ्या असल्याची साक्ष दिली. वृत्तांतात व्यापाऱ्याचे नाव नसल्याने नियतकालिक निर्दोष सुटले. वस्तूंच्या खरेपणाचा निकाल लागला नाही आणि झालेल्या प्रसिद्धीने विक्री उलट वाढली. अखेर १८६१ मध्ये चार्ल्स रीड याने हे प्रकरण उघडकीस आणले. आज या नकली वस्तूंनाच संग्राहकांकडून मागणी असून अनेक संग्रहालयांत त्या जतन केलेल्या आहेत.

महत्त्वाच्या वस्तू

थेम्समधील सर्वांत प्रसिद्ध पुराणवस्तू मडलार्कांना नव्हे, तर पुलांच्या परिसरातील खोदकाम व गाळउपशात मिळाल्या. लोहयुगीन बॅटरसी ढाल (१८५७) आणि वॉटर्लू शिरस्त्राण (१८६८) या दोन्ही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. मडलार्कांचे योगदान मुख्यतः सामान्य माणसाच्या दैनंदिन वस्तूंत आहे: मातीच्या चिलमी, टाचण्या, बटणे, फासे, खेळणी. तंबाखू महाग असताना चिलमीचे तोंड लहान असे व पुढे ते मोठे होत गेले, म्हणून चिलमीच्या तुकड्यावरूनही काळ ठरवता येतो. कँटरबरी येथील टॉमस बेकेटच्या समाधीच्या यात्रेकरूंचे शिसे-कथिलाचे बिल्लेही नदीत मिळतात.

टी. जे. कॉब्डन-सँडरसन याने आपल्या भागीदाराच्या हाती पडू नयेत म्हणून 'डव्ह्ज' मुद्रणालयाचे खिळे १९१६-१७ मध्ये रात्री-अपरात्री हॅमरस्मिथ पुलावरून नदीत टाकले होते. त्यांपैकी सुमारे १५० खिळे रॉबर्ट ग्रीन याने २०१४ मध्ये शोध घेऊन मिळवले. भारतीय वाचकांना परिचित वाटतील अशा वस्तूही चिखलात आढळतात. लंडनमधील हिंदू रहिवासी थेम्समध्ये दिवे, नारळ व देवतांच्या लहान मूर्ती विसर्जित करतात. अशा वस्तू उचलाव्यात की नदीतच राहू द्याव्यात, याविषयी शोधकांत एकमत नाही.

कायदा आणि वाद

नदीकाठचा हा पट्टा सार्वजनिक मालकीचा असल्याचा समज चुकीचा आहे. त्याचा बहुतांश भाग पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटी आणि क्राउन इस्टेट यांच्या मालकीचा असून, नुसत्या नजरेने शोधण्यासाठीही परवाना लागतो. सर्वसाधारण परवान्यात ७.५ सेंटीमीटरपेक्षा खोल उकरता येत नाही. क्वीनहाइथसारख्या संरक्षित जागी शोधास मनाई आहे. ३०० वर्षांहून जुनी वस्तू संग्रहालयाच्या नोंदणी अधिकाऱ्यास दाखवणे परवानाधारकास बंधनकारक असते. सोन्याचांदीच्या जुन्या वस्तूंना १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागू होतो व अशी वस्तू मिळाल्यास १४ दिवसांत कळवावे लागते.

परवान्यांची संख्या २०१८ मधील सुमारे २०० वरून २०२२ पर्यंत ५,००० च्या वर गेली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नवे परवाने देणे थांबवण्यात आले. पुढे प्रतीक्षायादीची पद्धत आली. वस्तू ज्या थरात व ज्या जागी मिळाली ती माहिती नोंदवली नाही, तर तिचे ऐतिहासिक मोल बरेचसे नष्ट होते, हा पुरातत्त्वज्ञांचा मुख्य आक्षेप आहे. दुसरीकडे, बोटींच्या लाटांमुळे किनाऱ्याची झीज सुरूच असते. उघडी पडलेली वस्तू कोणी उचलली नाही तर पुढच्या काही भरतींत ती फुटते किंवा वाहून जाते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

धोके

भरतीचे पाणी वेगाने चढते आणि काठाच्या उंच भिंतींमुळे बाहेर पडण्यास मोजक्याच निसरड्या पायऱ्या असतात. मुसळधार पावसानंतर नदीत सांडपाणी मिसळते. उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचाही संभव असतो. त्यामुळे हातमोजे वापरावे, एकट्याने जाऊ नये आणि ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवावी, अशा सूचना दिल्या जातात.