चार मीटरच्या आतली उंची

घरात नवी मोटार घ्यावयाची ठरली की काही दिवस घरातले सगळेच तज्ज्ञ होतात. आमच्याकडे मुलाने एक वही केली आणि तीत रकाने आखले: लांबी, इंजिन, ॲव्हरेज, डिकी, सुरक्षेचे तारे. वरती नावे नेक्सॉन, ब्रेझा, क्रेटा. आईसाठी त्यात रकाना नव्हता. तो तिने तोंडीच भरला : "उंच गाडी नको." कारण सर्वांना ठाऊक होते. 1996 साली तिचा धाकटा भाऊ, आमचा मामा, कशेडी घाटात जीपच्या जातीची एक गाडी वळणावर कलंडली, तीत गेला.

तेव्हा खरा प्रश्न असा उरला की आज बाजारात जिला सरसकट एसयूव्ही म्हणतात ती आणि मामाची गाडी एका कुळातल्या आहेत काय? याचे उत्तर वहीत नव्हते. ते शोधण्यासाठी आम्हांस थोडे मागे जावे लागले.

मामाच्या गाडीचे कूळ युद्धातले. विलीज जीप दुसऱ्या महायुद्धासाठी घडली. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी ती मुंबईत माझगावला जोडावयास घेतली. तिची रचना मालट्रकची. खाली शिडीच्या आकाराची पोलादी चासी आणि बैलगाडीवर छप्पर चढवावे तसा तिच्यावर बसवलेला सांगाडा. टाटांची 1991 ची सिएरा, 1994 ची सुमो (हे नाव सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या अक्षरांचे, जपानी पैलवानांचे नव्हे) आणि 1998 ची सफारी याच रीतीने घडल्या; महिंद्रांची 2002 ची स्कॉर्पिओही. वऱ्हाडे, प्रचारफेऱ्या, देवदर्शने या गाड्यांनी पार पाडली. खाचखळग्यांत त्या हटत नसत, मात्र त्यांचा गुरुत्वमध्य उंच होता आणि वळणावर अंग टाकण्याची खोड त्यांना होती.

दुसरे कूळ निराळेच आहे. 1994 साली टोयोटाने जपानात राव-फोर नावाची छोटी गाडी आणली. दिसावयास ती जीपची नातलग, पण आत कोरोला आणि कॅरिना या साध्या मोटारींचे भाग. स्वतंत्र चासी नाही. सांगाडा आणि तळ मिळून एकच कवच. पुढच्याच वर्षी होंडाची सीआर-व्ही आली, तिचा पाया सिव्हिकचा. घरगुती मोटारीला उंच टाचांचे जोडे घालावे, तसा हा प्रकार. पुढे याच जातीला क्रॉसओव्हर हे नाव मिळाले. अमेरिकेत या जातीला कायद्याचीही साथ मिळाली. 1975 च्या इंधन-बचतीच्या कायद्याखाली तेथे 'हलके ट्रक' वेगळे धरले गेले आणि त्यांची मानके सैल राहिली. मग जे जे ट्रक म्हणवून घेता येईल ते ते ट्रक झाले.

आपल्याकडचा कायदा याहून मनोरंजक आहे. 2006 च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरील उत्पादनशुल्क 24 वरून 16 टक्क्यांवर आणले. 'छोटी' म्हणजे काय? लांबी 4,000 मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन 1,200 सीसीपर्यंत आणि डिझेल 1,500 पर्यंत. या एका ओळीने भारतीय रस्त्याचे रूप बदलले. शेपटी छाटलेल्या सेदान आल्या. 2009 साली प्रीमियरने रिओ आणली, चार मीटरांच्या आतली पहिली एसयूव्ही. पद्मिनी घडवणारी हीच प्रीमियर, कुर्ल्याची. रिओच्या वेळी ती चिंचवडला होती. गाडी मुळात जपानी दायहात्सूची, चिनी झोत्येच्या वाटेने आलेली. ती फारशी चालली नाही, हे आम्हांस आजही चुटपुट लावते. पुढे 2013 ची इकोस्पोर्ट, 2016 ची ब्रेझा (लांबी 3,995 मिलिमीटर!), 2017 ची पुण्याजवळ रांजणगावला बनणारी नेक्सॉन. पाच मिलिमीटर राखून केलेले हे शिल्प एखाद्या वृत्तबद्ध कवितेसारखेच. मात्रा चुकली की दंड.

मोठ्यांसाठी वेगळी व्याख्या होती. चार मीटरांहून लांब, 1,500 सीसीहून मोठे इंजिन आणि जमिनीपासून 170 मिलिमीटर वा अधिक मोकळी उंची असेल, तर ती एसयूव्ही आणि कर जबर. 2022 च्या डिसेंबरात जीएसटी परिषदेने स्पष्ट केले की लोकांत ती एसयूव्ही म्हणून ओळखली जाणे हीही एक अट आहे. जुलै 2023 मध्ये मत फिरले : नाव काहीही असो, आणि उंची मोजावयाची ती गाडी रिकामी असताना. नाव आणि वस्तू यांचा संबंध काय, हा मीमांसकांचा जुना वाद करवसुलीच्या दफ्तरात असा निकालात निघालेला पाहून आम्हांस मौज वाटली. 22 सप्टेंबर 2025 पासून छोटीस 18 आणि बाकींस 40 टक्के कर लागतो. चार मीटरांची रेघ मात्र जिथल्या तिथेच आहे.

आईच्या भीतीचे उत्तर यात नाही. ते धडकेच्या चाचण्यांत काहीसे सापडते. 2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅपने भारतातल्या पाच छोट्या मोटारी आदळून पाहिल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या त्या पाचही शून्य ताऱ्यांवर आल्या. 2016 साली एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ आणि 2017 साली तशीच डस्टर यांच्याही वाट्यास शून्यच आले. उंच म्हणजे मजबूत, ही आपली समजूत किती पोकळ होती! 2018 च्या डिसेंबरात नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि गिऱ्हाईक ताऱ्यांविषयी विचारू लागले. 1 ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅपही आहे. आमच्या मते वहीत पहिला रकाना ताऱ्यांचा हवा. दुसरा हवा गाडी घसरू लागली की एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा. मामाच्या गाडीत ती असणे शक्यच नव्हते. चार चाकांच्या ओढीची चर्चा मुलाने बरीच केली. पण वहीतल्या तिन्ही गाड्यांची पुढचीच दोन चाके ओढतात. त्यांच्याकडून जीपचा पराक्रम अपेक्षू नये.

हे सारे आम्ही आईला सांगितले. तिने ऐकून घेतले. "म्हणजे ही जीप नव्हेच," ती म्हणाली, "मग तसा आव का आणते?" आम्हांपाशी उत्तर नव्हते.

शनिवारी तिला दुकानात नेले. आमच्या जुन्या मारुतीत बसताना ती दाराला धरून खाली उतरत असे, विहिरीत उतरावे तशी. उठताना दोघांनी हात द्यावा लागे. येथे आसन तिच्या कमरेच्या पातळीवर आले. ती आडवी वळली, टेकली, पाय आत घेतले. कोणी हात दिला नाही. विक्रेता सनरूफ उघडून दाखवीत होता, तिकडे तिचे लक्ष नव्हते. काचेतून बाहेर पाहत ती थोडा वेळ बसली आणि मग विचारले, "कशेडीला आता बोगदा झालाय म्हणतात, खरं का?"

झाला आहे, आम्ही म्हणालो.

"गणपतीला त्यातूनच न्या."